उडवण्याआधी हात लाव

रेडिओवरचं हेलिकॉप्टर घेतलंस ते बरं केलंस. सेकंडहँड घेतलंस ते त्याहून बरं. नवं कोरं असतं तर ‘कंपनीतून जोडून आलंय’ म्हणून तू ते खोक्यातून काढून थेट मैदानावर नेलं असतंस. दुसऱ्याच्या हातचं म्हटलं की माणूस आपसूक संशयाने बघतो, आणि या छंदात तो संशय कामाचा असतो. खरं तर नव्या मशीनचाही प्रत्येक स्क्रू एकदा काढून परत बसवायचा असतो, पण ते खोक्यावर कोणी ठळक छापत नाही.

तुझं मशीन ४५० साइजचं, म्हणजे पातं ३२५ मिलिमीटरचं, वजन जेमतेम ३५ ग्रॅम. हातात धरलंस तर खेळण्यातलं वाटेल. पण हेड मिनिटाला २६०० फेरे घ्यायला लागलं की त्याच पात्याचं टोक ताशी ३५० किलोमीटरने फिरत असतं आणि ते पातं हेडला सुमारे ५० किलोच्या जोराने बाहेर ओढत असतं. म्हणजे प्रत्येक पात्याला एकेक सिमेंटचं पोतं लटकावल्यासारखं. तो सगळा ताण दोन छोटे स्क्रू आणि दोन बेअरिंगं सोसतात. ७०० साइजच्या मशीनमध्ये हाच ओढा ३०० किलोच्या पुढे जातो. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलीनमधल्या एका बागेत अशाच मोठ्या मॉडेलचं पातं लागून १९ वर्षांचा मुलगा गेला, आणि तो नवशिका नव्हता. हे एकदाच सांगतो, पुन्हा सांगणार नाही.

आता मुद्द्याचं. तपासणीच्या याद्या तुला ढिगाने मिळतील. त्या वाचून डोळ्यांनी टिकमार्क करत जाणारी माणसं मी बरीच पाहिली. त्यांचं मशीन पडतं तेव्हा ती म्हणतात, ‘अहो, मी सगळं बघितलं होतं.’ बघितलं असेल, पण हात लावला नसेल. सैल झालेला स्क्रू घट्ट स्क्रूसारखाच दिसतो. खडबडीत झालेलं बेअरिंग बाहेरून चकचकीतच असतं. मशीन धड असताना बोटांना कसं लागतं हे आधी ठाऊक पाहिजे, तरच ते बिघडायला लागल्यावर कळेल. म्हणून पहिल्या आठवड्यात उडवायचं नाव काढू नकोस. टेबलावर ठेव, बॅटरी काढून ठेव, आणि प्रत्येक हलणारा भाग बोटाने हलवून बघ. कुठे किती प्ले आहे, कुठे अडतंय, आवाज कसा येतो. एक शंभर पानी वही कर आणि जे जाणवेल ते तुझ्या शब्दांत लिही. ‘टेलचा स्लायडर शेवटी जरा जड’ एवढं लिहिलंस तरी महिन्याने त्याची किंमत कळेल.

सुरुवात नेहमी हेडपासून कर आणि खाली ये. क्रम रोज तोच ठेव. मध्येच फोन आला, कोणी चहाला बोलावलं, तर जिथे होतास तिथून पुढे जाऊ नकोस, पहिल्यापासून सुरू कर. पिंपरीच्या टूलरूममध्ये आमचे फोरमन अर्धवट सेटिंग सोडून जेवायला गेलेल्या माणसाला परत आल्यावर पहिल्या मापापासून सुरू करायला लावत. तेव्हा राग यायचा.

हेडमध्ये सगळ्यात आधी दोन्ही ब्लेड ग्रिप धर आणि बाहेरच्या बाजूला ओढून बघ. पुढे-मागे सरकण्याचा खेळ जवळजवळ शून्य हवा. मग दोन्ही ग्रिप वर-खाली दाब. आत रबराचे डॅम्पर असतात, त्यामुळे थोडं लवचिक लागेल, ते ठीक. पण एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी लवत असेल तर डॅम्पर गेलेत. मग ग्रिप त्याच्या आसाभोवती फिरव. लोण्यातून फिरल्यासारखी नाही फिरली, मधे कुठे खरखर किंवा टकटक लागली, तर हेड उघडायचं. उद्यावर ढकलायचं नाही.

उघडलंस की आत थ्रस्ट बेअरिंग दिसेल. ५० किलोचा ओढा झेलायचं काम याचं. दोन वॉशर आणि मधे गोळ्यांचा पिंजरा, एवढंच. पण ते दोन वॉशर सारखे दिसले तरी सारखे नसतात. एकाचं भोक केसभर मोठं असतं. दोन्ही स्पिंडलवर चढवून बघ. एक चपखल बसतो, दुसरा किंचित सैल हलतो. सैल असेल तो आतल्या बाजूला, म्हणजे हेडकडे. चपखल बसणारा बाहेर, स्क्रूच्या बाजूला. उलटं बसवलंस तरी सगळं जुळतं, फिरतं, टेबलावर काहीच कळत नाही. मग काही फ्लाइटनंतर पिंजरा चुरतो, गोळ्या सुटतात आणि पातं ग्रिपसकट निघून जातं. सेकंडहँड मशीनमध्ये मागच्या मालकाने हे नीट लावलंय असं गृहीत धरू नकोस. उघडून बघच. जुनं ग्रीस पुसून पिंजऱ्यात नवीन भर. कंजुषी नको, पण बाहेर ओघळेल इतकंही नको. ओघळलेल्या ग्रीसवर धूळ बसते आणि ती पेस्ट सगळं घासत जाते.

स्पिंडलच्या दोन टोकांचे स्क्रू बसवताना दोन ॲलन की घे, दोन्ही टोकांना एकेक, आणि एकमेकींविरुद्ध फिरव. एकीकडून घट्ट करायला गेलास तर दुसरीकडचा सुटत असतो. आणि इथेच थ्रेडलॉकचं प्रकरण येतं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण निम्मी मशीनं त्यापायी पडतात असं माझं मत आहे.

धातूत जाणाऱ्या प्रत्येक धातूच्या स्क्रूला निळा, मध्यम ताकदीचा थ्रेडलॉक हवा. लॉकटाइट २४३ कुठल्याही चांगल्या इंडस्ट्रियल हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. लाल घेऊ नकोस, तो परत सोडवताना स्क्रूचं डोकं जाईल आणि तुझं डोकं फिरेल. हे द्रव हवा लागते तोवर ओलं राहतं. आट्यांमध्ये हवा तुटली आणि धातू मिळाला की घट्ट होतं. बाटलीही मुद्दाम अर्धीच भरलेली येते ती त्याचसाठी. दुकानदाराशी भांडू नकोस. पण आट्यांना जास्त तेल असेल तर ते नीट पकडत नाही. नवा स्क्रूसुद्धा कारखान्यातून तेल लावूनच येतो. म्हणून आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्क्रू आणि भोक दोन्ही पूस, वाळू दे, मग टोकाला एक छोटा थेंब. पुरी ताकद यायला २४ तास लागतात. म्हणजे रविवारी सकाळी मैदानावर बसून थ्रेडलॉक लावायचा आणि लगेच उडवायचं, हे देवभोळेपणाचं काम. शुक्रवारी रात्री कर.

प्लास्टिकला मात्र तो लावायचा नाही. बऱ्याच प्लास्टिकला त्याने बारीक तडे जातात आणि ते दिसेपर्यंत भाग तुटलेला असतो. बेअरिंगजवळच्या स्क्रूला लावताना थेंब बेअरिंगमध्ये उतरला तर तेही जाम. सर्व्होच्या हॉर्नचा इवलासा स्क्रू सगळे विसरतात. सर्व्होचा गिअर धातूचा असेल तर तिथे लाव, प्लास्टिकचा असेल तर कोरडाच ठेव, पण दर खेपेला की लावून बघ.

ॲलन कीवरून आठवलं. १.५, २ आणि २.५ मिलिमीटरचे मुठीवाले चांगल्या स्टीलचे ड्रायव्हर घे, पहिला खर्च तोच कर. किटबरोबर आलेल्या वाकड्या की कचऱ्यात टाक. टोक गोल झालेली की स्क्रूचा षटकोन खाते, मग तो स्क्रू ना घट्ट होतो ना निघतो. कीच्या टोकाला गोलाई आलेली दिसली की टोक थोडं घासून सपाट कर.

हेडच्या खाली बॉल लिंक. दोन बोटांच्या पेरांत धरून डावी-उजवी हलव. बॉलवर खुळखुळत असेल तर बदल. दहा-वीस रुपयांच्या लिंकसाठी विचार करणारी माणसं दहा हजारांचं मशीन पाडून बसतात. उलट, फार घट्ट लिंकही वाईट. सर्व्हो तिच्याशी झुंजत राहतो आणि मशीनचा तोल सांभाळणाऱ्या जायरोला वाटतं आपण सांगितलेलं कोणी ऐकतच नाही. लिंक बॉलवर स्वतःच्या वजनाने खाली पडावी, इतपत मोकळी हवी. बऱ्याच लिंकवर एका बाजूला अक्षर किंवा खूण असते. ती बाजू बाहेर, कारण भोक त्या बाजूने थोडं वेगळं असतं. उलट दाबून बसवलेली लिंक नंतर कधीही उडते.

मेन गिअर आणि पिनियनची मेश कागदाने जमव. वहीच्या कागदाची पट्टी दोघांच्या मधे घालून पिनियन दाब, स्क्रू घट्ट कर, पट्टी फिरवून काढ. कागदावर दातांची घडी उमटली पाहिजे, कागद फाटता कामा नये. मग गिअर एक पूर्ण फेरा हाताने फिरव. प्लास्टिकचे गिअर क्वचितच खरे गोल असतात, एका जागी घट्ट आणि समोर सैल लागतात. मेश घट्ट जागेवर जमव, सैल जागेवर नको. तसंच हेड हाताने उलट-सुलट फिरवून वन-वे बेअरिंग बघ. एका दिशेला गिअर बरोबर फिरला पाहिजे, दुसऱ्या दिशेला हेड एकटंच मोकळं. मोटर बंद पडली तर मशीन सुखरूप खाली आणायची सगळी आशा या मोकळ्या फिरण्यावर असते.

टेलला लोक फारसं विचारत नाहीत. पण टेलचं हेड मेनच्या साधारण सव्वाचार पट फिरतं, म्हणजे मिनिटाला ११ हजार फेरे. तिथे सैल स्क्रू माफ होत नाही. स्लायडर एका बोटाने सरकवून बघ, अडकला तर पुसून पातळ तेलाचा एक थेंब दे. दख्खनच्या मैदानांवरची काळी धूळ फार बारीक असते, ती सगळ्यात आधी इथेच जाऊन बसते. बेल्ट बोटाने दाबलास तर थोडा आत जावा, पण दोन्ही बाजू एकमेकींना टेकू नयेत. टेलची पाती ग्रिपमध्ये मोकळी झुलली पाहिजेत. मेन पाती मात्र तशी नाहीत. मशीन आडवं धरलं तर मेन पाती जागच्या जागी राहावीत, एक हलका झटका दिला की खाली यावीत. इतकंच त्या बोल्टचं घट्टपण. जास्त आवळलीस तर पातं स्वतःची सरळ रेष शोधू शकत नाही आणि सगळं मशीन थरथरतं.

थरथर हा रोग नाही, लक्षण आहे. दुधाचं फेसाळणं बघावं तसं त्याकडे बघत बसू नकोस, मूळ शोध. शोधायची रीत सोपी आहे. मोटर सुरू असताना टेलचा उभा पंखा लांबून बघ. कडा स्वच्छ दिसली तर ठीक, दुहेरी दिसली तर थरथर आहे. मग मेन पाती काढून पुन्हा फिरव. गेली? तर दोष पात्यांत. नाही गेली तर टेलची पातीही काढ. तरीही राहिली तर शाफ्ट, गिअर किंवा मोटर. एका वेळी एकच गोष्ट बदल. तीन भाग एकदम बदलून थरथर गेली की पोरं खूश होतात, पण कशाने गेली ते कळत नाही आणि ती पुढच्या महिन्यात परत येते.

पात्यांचं वजन जुळवणंही घरी होतं. दोन्ही पाती पट्टीच्या कडेवर आडवी तोलून तोलबिंदूची खूण कर. दोघांच्या खुणा बुंध्यापासून सारख्या अंतरावर नसतील तर हलक्या बाजूला टेपचा तुकडा लावून आधी त्या जुळव. मग दोन पाती बुंध्याशी एका लांब बोल्टने जोड, तो बोल्ट दोन सारख्या काचेच्या पेल्यांवर टेकव. जी बाजू खाली जाते ती जड. हलकीला तोलबिंदूवरच टेप लाव. पातं बदलायचं असेल तर जोडी बदल. जुन्याबरोबर नवं चालवायचं नाही.

मशीन पडलं की माणूस आधी काय तुटलं ते बघतो. तुटलेलं कळतंच. जे वाकलंय ते शोधायला हवं. जमिनीला पातं लागलं असेल तर स्पिंडल बदल, सरळ दिसला तरी बदल. मेन शाफ्ट काढून काचेच्या टीपॉयवर लोटून दे. आम्ही व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावायचो, घरी काच पुरते. काच आणि शाफ्टमधून उजेडाची फट उघडमीट करायला लागली की शाफ्ट वाकला. वाकलेला शाफ्ट सरळ करायच्या भानगडीत पडू नकोस. सर्व्हो वीज नसताना हाताने हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव. एखाद्या ठिकाणी टक्क लागलं की आतला दात गेलाय. कार्बनच्या पात्यावर बोल्टच्या भोकाभोवती नखाने चाचप, केसाएवढी चीर नखाला लागते, डोळ्याला दिसत नाही. चीर गेलेलं पातं टाकून देताना मोडून टाक, म्हणजे कोणी उचलून वापरणार नाही.

कार्बनच्या चौकटीचं आणखी एक. तिच्या कापलेल्या कडा करवतीसारख्या असतात आणि कार्बन वीज वाहतो. सर्व्होची वायर त्या कडेवर पडून राहिली की प्रत्येक फ्लाइटमध्ये थोडं थोडं कातडं सोलवटतं. वायर बोटाने उचलून खालची बाजू बघ. कुठे पांढुरकी रेघ दिसली तर आजच वायर हलव आणि त्या कडेला बारीक पॉलिश पेपर मार. पेपर ओला करून मार, कार्बनची कोरडी धूळ फुप्फुसाला वाईट.

बॅटरीचं तू इंटरनेटवर वाचलंच असशील, म्हणून मोजकंच. तुझी ३ सेलची २२०० एमएएच. पूर्ण भरलेली १२.६ व्होल्ट, २.२ अँपियरनेच चार्ज कर, घाई नको. वापरायची फक्त ८० टक्के. किती वापरली हे टायमरवरून नाही, चार्जरवरून ओळख. पहिल्यांदा ४ मिनिटांचा टायमर लाव, उतर, परत चार्ज कर आणि चार्जरने किती एमएएच आत भरले ते बघ. १७६० च्या वर गेले तर टायमर कमी कर. दोन-चार दिवस उडवायची नसेल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेव, भरलेली ठेवलीस तर आतल्या आत म्हातारी होते. चार्जिंग गच्चीत किंवा बाल्कनीत, फरशीवर, मातीच्या कुंडीत ठेवून, आणि तू तिथेच बसून. एप्रिल-मे मध्ये बंद गाडीत बॅटऱ्या ठेवून जायचं नाही. फुगलेली बॅटरी मेली असं समज. तिला घंटागाडीत टाकू नकोस, तिथे कचरा दाबला जातो आणि गाडी पेटते. ई-कचरा घेणाऱ्याकडे दे.

आता मैदान. उडवायच्या जागेचा रंग डीजीसीएच्या हवाई हद्दीच्या नकाशावर आधी बघ. २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेलसाठी सवलती आहेत, पण लाल पट्ट्यात त्या चालत नाहीत आणि पुण्याला लोहगावचं हवाई दलाचं धावपट्टीवालं ठाणं आहे, हे विसरू नकोस. जागा झाडून घे. प्लायचा किंवा जुन्या सतरंजीचा तुकडा उड्डाणाला ठेव, धूळ कमी उडते आणि वाळलेलं गवत टेलमध्ये जात नाही. जानेवारीत, संक्रांतीच्या आगेमागे, जमिनीवर पडलेला मांजा हुडकून काढ. बंदी असूनही नायलॉनचा मांजा मैदानभर पडलेला असतो. तो टेलच्या शाफ्टला गुंडाळला की ओढून तुटत नाही, बेअरिंगच्या सीलमध्ये शिरतो. आणि आकाशात घारी फिरत असतील तर थांब. त्यांचा तो रस्ता आहे.

बॅटरी लावायच्या आधीचा क्रम पाठ कर. ट्रान्समीटर आधी सुरू, शेवटी बंद. पडद्यावर मॉडेलचं नाव वाच. दुसऱ्या मॉडेलची मेमरी निवडलेली राहिली तर सर्व्हो उलटे चालू शकतात. फ्लाइट मोड नॉर्मल, थ्रॉटलची काठी खाली, मोटर बंद ठेवणारा होल्डचा स्विच लावलेला. होल्ड हा तुझा मित्र. तो लावलाय हे मोठ्याने म्हण. बाजूला उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. पोरं हसतील, हसू दे. बॅटरी लावल्यावर जायरो जागा होईपर्यंत मशीनला हात लावू नकोस. हेडखालची कलती चकती, म्हणजे स्वॉशप्लेट, एकदा टुणकन उडी मारून ‘तयार’ म्हणते, तोवर तू श्वास घे. वारा जोरात असेल तर मशीनला आडोसा कर.

मग जायरोची दिशा बघायची, दर दिवशी, पहिल्या फ्लाइटच्या आधी. १९७० च्या सुमारास जर्मनीत डीटर श्ल्यूटरनी रेडिओवरचं हेलिकॉप्टर जगाला नीट उडवून दाखवलं तेव्हा जायरो नव्हता, टेल माणूसच सांभाळायचा. तेव्हा शिकणं कठीण होतं, पण यंत्र उलटी चूक करत नव्हतं. आता जायरो उलट्या दिशेला लावला गेला असेल तर मशीन जमीन सोडताच उलटतं आणि तुला बोट हलवायलाही वेळ मिळत नाही. म्हणून होल्ड लावलेला ठेवून मशीन उचल आणि नाक खाली झुकव. स्वॉशप्लेट मागे कलली पाहिजे, जमिनीशी सपाट राहायचा प्रयत्न करताना दिसली पाहिजे. उजवीकडे कलव, ती डावीकडे जावी. आता नाक झटक्याने डावीकडे वळव आणि टेलचा स्लायडर कुठे सरकतो ते बघ. मशीन खाली ठेवून रडरची काठी उजवीकडे दे. स्लायडर त्याच बाजूला सरकला पाहिजे. सेटिंग नव्याने करत असशील तेव्हा होल्डवरही विसंबू नकोस, मोटरच्या तीनपैकी दोन वायरी काढून टोकांना टेप लाव.

सिग्नल गेला तर मोटर बंद व्हायला हवी, तेही महिन्यातून एकदा तपास. मेन पाती काढून, पिनियन मेन गिअरपासून सोडवून मोटर थोडी फिरव आणि ट्रान्समीटर बंद कर. मोटर थांबली तर ठीक. फिरत राहिली तर रिसीव्हरचं फेलसेफ लावलेलंच नाही. रेंजसाठी ट्रान्समीटरमध्ये कमी ताकदीचा मोड असतो, तो लावून ३० पावलं चाल आणि मित्राला सर्व्होकडे बघायला सांग. रिसीव्हरच्या दोन अँटेना एकमेकींशी काटकोनात हव्यात, आणि त्यांची शेवटची उघडी टोकं कार्बनपासून लांब.

पहिल्यांदा फिरवताना मशीनपासून निदान १० मीटर मागे उभा राहा. अर्ध्या मिनिटात हात सैल पडतात, कान उघडतात. तुझ्या वहीत जो आवाज लिहिलाय तोच आहे का? जमिनीपासून फूटभर वर उचल, दोन्ही पाती एकाच रेषेत फिरतायत का ते लांबून बघ. दोन रेषा दिसल्या तर खाली घे, होल्ड लाव, पाती पूर्ण थांबू दे. पात्यांच्या टोकांना वेगवेगळ्या रंगाची टेप लावलीस तर वरचं कोणतं हे कळेल. त्याची लिंक अर्धा फेरा आत-बाहेर करून बघ. एवढ्यासाठी फिरत्या पात्यांच्या उंचीवर डोळे आणायचे नाहीत. पाच मिनिटांच्या मजेसाठी डोळा पणाला लावू नये, ही पैज कोणी लावत नाही.

पहिल्या फ्लाइटनंतर लगेच दुसरी बॅटरी घालू नकोस. मोटर, ईएससी, सर्व्हो आणि बॅटरीला हात लाव. मागच्या वेळपेक्षा काही जास्त गरम लागतंय? तर कुठेतरी अडतंय. गरम मोटर म्हणजे बहुतेक वेळा घट्ट मेश किंवा जड बेअरिंग. हेच उडवतानाचं खरं निदान आहे, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. हेडच्या स्क्रूंवर एकदा की फिरव, लिंक चाचप, मग दुसरी बॅटरी.

पावसाळ्यात मशीन तीन महिने पडून राहणार. ओल बेअरिंगला खाते. पुसून, शाफ्टला तेलाचा हात फिरवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेव आणि महिन्याकाठी सगळं हाताने फिरव. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करशील तेव्हा त्याच पाटावर हेही मांड, आणि हळदकुंकू लावायच्या आधी पूर्ण खोलून साफ कर. दसऱ्याला उडवायचं असेल तर थ्रेडलॉकचे २४ तास बरोबर भरतात.

पहिल्या दिवशी मैदानावर जाशील तेव्हा मला कळव, मी येतो. वही घेऊन ये. आणि येताना डिजिटल पिच गेजचे दोन बटण सेल आण, माझ्या गेजचे संपलेत.